मणक्याच्या इजेनंतर व्हीआर: हेडसेट डोक्यावर चढवायच्या आधी हे बघा

माझा धाकटा भाऊ माडावरून पडला त्याला येत्या पावसाळ्यात चार वर्षं होतील. फोंड्याजवळ आमचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग आहे, पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा त्या दिवशी आला नाही म्हणून हाच चढला आणि टी-फोरला, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्याला मोडला. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग महिनोन्महिने फिजिओ, आणि गेलं दीड वर्ष आम्ही फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे घरी व्हीआर, म्हणजे खोटं जग डोळ्यांपुढे उभं करणारे व्हर्च्युअल रिॲलिटीचे खेळ पण वापरतोय. आता हे कळल्यावर डिचोली, पेडणे, सत्तरी, कुठून कुठून फोन येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठला हेडसेट घेऊ. मी उलट विचारतो की पेशंटची लेव्हल काय, म्हणजे इजा कुठल्या मणक्याला, आणि शेवटची लघवी कधी काढली. बऱ्याच जणांना वाटतं हा विषय बदलतोय, पण माझ्या मते सुरुवात तिथूनच होते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी हे समजून घ्या की व्हीआर काय करतं

व्हीआर मज्जारज्जू जोडत नाही. तुटलेली नस त्याने जुळत नाही. ते काय करतं तर कंटाळवाणा व्यायाम माणसाकडून पुन्हा पुन्हा करून घेतं. बसून तोल सांभाळायचा व्यायाम म्हणजे हात पुढे कर, मागे घे, बाजूला कर, असं दोनशे वेळा. भिंतीकडे बघत वीस वेळा केलं की माझा भाऊ म्हणायचा, दादा पुरे. तेच समोर फळं लटकतायत आणि ती तोडून टोपलीत टाकायचीत म्हटलं की मोजायचं भान राहत नाही. मज्जारज्जूत थोडे धागे शाबूत असतील तर त्यांना कामाला लावायला असा पुन्हा पुन्हा सराव लागतो, आणि धागे शाबूत नसतील तरी वरचे चांगले स्नायू वापरून तोल कसा राखायचा हे शरीराला नव्याने शिकावं लागतं, त्यालाही सरावच लागतो.

दोन प्रकार लक्षात ठेवा. एक टीव्हीसमोरचा, २०१० मध्ये आलेला किनेक्ट कॅमेरा तसा, म्हणजे पडद्यावर खेळ आणि तुमची हालचाल कॅमेरा टिपतो. दुसरा डोळ्यांवर चढवायचा हेडसेट, ज्यात आजूबाजूची खोली दिसतच नाही. नवख्या माणसाने पहिल्या प्रकारापासून सुरुवात केली तर खूपच बरं, कारण तोल गेला तर खरी खोली, खरी खुर्ची डोळ्यांना दिसत असते.

संशोधनाबद्दल थोडं सांगतो कारण व्हॉट्सॲपवर वाटेल ते फिरतं. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली अपुऱ्या इजेच्या, म्हणजे थोडी संवेदना-हालचाल उरलेल्या, १४ जणांना चार आठवडे पायांच्या हालचालींचे व्हीआर खेळ दिले, त्यांचा समतोल आणि पायांची ताकद सुधारली आणि नसांचं दुखणं कमी झालं. ब्राझीलमध्ये मिगेल निकोलेलिस यांच्या गटाने जुनी इजा असलेल्या ८ पॅराप्लेजिक, म्हणजे दोन्ही पाय लुळे पडलेल्या पेशंटना वर्षभर ट्रेनिंग दिलं, त्याचा रिपोर्ट २०१६ चा, त्यात अर्ध्या लोकांची इजा पूर्ण वरून अपुऱ्या वर्गात आली. ही बातमी लोक पाठवतात आणि विचारतात की आपल्याकडे का होत नाही. त्यात व्हीआर हा एक भाग होता हो, बरोबर मेंदूच्या लहरी वाचणारी टोपी होती, रोबोटिक सांगाडा होता आणि नेहमीची फिजिओ होती. ८ आणि १४ माणसांच्या अभ्यासावरून आपल्या पेशंटला वचन देऊ नका, फार वाईट वाटतं नंतर.

कागद काढा: लेव्हल आणि ग्रेड

डिस्चार्ज कार्डावर सी-सिक्स, टी-फोर, एल-वन असं काहीतरी असतं, सी म्हणजे मान, टी म्हणजे छातीमागचा भाग, एल म्हणजे कंबर, आणि त्याच्यापुढे इजा किती पूर्ण आहे ती ग्रेड, एशिया ए, बी, सी किंवा डी. ए म्हणजे अगदी खालच्या, गुदद्वाराजवळच्या भागापर्यंत संवेदनाही नाही आणि हालचालही नाही, बी म्हणजे संवेदना आहे पण हालचाल नाही, सी-डी मध्ये हालचाल थोडी किंवा बरी आहे. माझा भाऊ टी-फोर, एशिया बी. म्हणजे हात एकदम चांगले, पण पोट-पाठीचे बहुतेक स्नायू हुकमात नाहीत, त्यामुळे दोन्ही हात एकदम उचलले की बाहुलीसारखा कलायचा.

हे घेऊन फिजिओकडे जा आणि विचारा, याला कुठली हालचाल वाढवायचीय. उत्तर आलं की मग खेळ शोधायचा, आधी खेळ आणि मग कारण असं नको. ऑपरेशन नवीन असेल, कॉलर किंवा ब्रेस असेल तर सर्जनची लेखी परवानगी येईपर्यंत हेडसेटला हात लावू नका. आजच्या हेडसेटचं वजन साधारण अर्धा किलो, ते सगळं पुढच्या बाजूला, आणि मानेच्या ताज्या इजेला ते झेपणारं नाही. फिट येत असेल, अपघातात डोक्यालाही मार बसला असेल, पेसमेकर असेल तर डॉक्टरांना ते सांगूनच पुढे जा.

आणि घाई करणाऱ्या ठिकाणांपासून सांभाळा. आम्ही सुरुवातीला एके ठिकाणी डेमोला गेलो होतो, तिथल्या माणसाने काही न विचारता याला थेट रोलरकोस्टर दाखवला. दीड मिनिटात हा पांढराफटक. त्यानंतर तीन महिने हेडसेटचं नाव काढू देत नव्हता.

रोज सुरू करायच्या आधीची तपासणी

ही कधीच चुकवायची नाही, घाई असली तर त्या दिवशी व्हीआर करू नका.

ब्लॅडर रिकामा करा. सीआयसी, म्हणजे ठरावीक वेळी नळी घालून लघवी काढणं, करत असाल तर आत्ताच करून घ्या, युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी असेल तर ती ओता आणि नळी मांडीखाली दबलेली नाही ना ते हाताने चाचपून बघा. पोट साफ झालंय ना विचारा. मग बीपी घ्या आणि वहीत लिहा, कारण वरच्या इजेच्या माणसाचं नेहमीचं बीपी वरचं ९० ते ११० एवढंच असू शकतं आणि आपल्याला त्याच्या आकड्याशी तुलना करायचीय, आपल्या आकड्याशी नाही. बसण्याच्या जागी लाली किंवा फोड असेल तर आज बसून काहीच नाही. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक, कुशन, छातीचा पट्टा, पाय फूटरेस्टवर. पायांत चप्पल नको, बूट घाला, झटका येऊन पाय घसरला तर निदान खरचटणार नाही.

मग आपल्या गोव्याचा उकाडा. टी-सिक्सच्या वर इजा असेल तर इजेच्या खाली घाम नीट येत नाही, म्हणजे शरीराला थंड व्हायची सोयच राहत नाही, आणि त्यात तोंडाला प्लास्टिकचा डबा बांधलेला. एप्रिल-मे मध्ये आम्ही सकाळी सातला करतो, पंखा समोर, मानेवर ओला टॉवेल. दुपारी जेवून नाही, फिश करी राइस खाऊन व्हीआर म्हणजे उलटीला आमंत्रण.

खोली आणि हेडसेट

सेटिंगमध्ये बसून खेळायचा मोड निवडा, बाउंडरी, म्हणजे खेळायची हद्द, स्टेशनरी, म्हणजे एकाच जागेपुरती ठेवा. आतलं चित्र टीव्हीवर किंवा मोबाईलवर दिसेल असं कास्टिंग चालू करा, नाहीतर तो काय बघतोय आणि कशाला दचकला हे तुम्हाला कळतच नाही. पट्टा मागून घट्ट करा, नाकावर दाब नको, दोन भिंगांमधलं अंतर डोळ्यांप्रमाणे सरकवा, धूसर दिसत असेल तर तिथूनच डोकं दुखायला लागतं.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती सांगतो. खेळात टेबल असतं, किंवा कठडा असतो. आपला माणूस पुढे वाकतो, तोल जातोय असं वाटलं की सवयीने त्या टेबलावर हात टेकवतो. टेबल नसतंच तिथे. भाऊ असाच उजवीकडे सरळ खाली गेला, पट्टा होता म्हणून वाचला, तरी खांद्याला हिसका बसलाच. तेव्हापासून आमचा नियम, सुरुवातीच्या दिवसांत टेबल-कठडा असलेला कुठलाच सीन नाही, आणि माणूस कायम बाजूला आणि किंचित मागे उभा, ज्या बाजूला तोल जातो त्या बाजूला. समोर उभं राहू नका, हातात धरायच्या कंट्रोलरचा फटका बसतो आणि मागे पडला तर पोचताही येत नाही.

पहिले दोन आठवडे

पहिल्या दिवशी पाच मिनिटं, त्यात काहीही करायचं नाही. समुद्रकिनारा, जंगल, तळं असलं स्थिर दृश्य लावा आणि फक्त डावी-उजवीकडे बघायला सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका हाताने वस्तू उचलणं, दुसरा हात आर्मरेस्टवर. आठवड्याने दहा मिनिटं. दोन आठवड्यांनी जमत असेल तर दोन हात. पंधरा-वीस मिनिटांच्या वर जाऊच नका, कारण खेळात रंगलेला माणूस बूड उचलायचं, म्हणजे प्रेशर रिलीफ करायचं विसरतो, आणि एरवीही दर पंधरा ते तीस मिनिटांनी ते करायचं असतंच. मी मोबाईलवर टायमर लावतो, वाजला की तो हातांवर जोर देऊन उचलतो नाहीतर पुढे वाकतो, मगच पुढचा डाव.

ज्या खेळात तुम्ही बसलेले आणि चित्र मात्र धावतंय, गाडी, विमान, झुला, ते सगळे वगळा. डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानातला तोलाचा भाग सांगतो आपण जागेवरच आहोत, या भांडणातून मळमळ होते. जागा बदलायचीच असेल तर टेलिपोर्टवाला पर्याय, म्हणजे एका जागेवरून एकदम दुसरीकडे उडी.

डोकं दुखतंय म्हणाला तर: हा भाग दोनदा वाचा

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. भाऊ फळं तोडत होता, मध्येच म्हणाला, दादा डोकं ठणकतंय रे, कानशिलं उडतायत. मला वाटलं व्हीआरचं चक्कर येणं असतं तेच, मी म्हटलं डोळे मिट, जरा मागे टेक. आणि खुर्ची मागे कलवायला गेलो. नशिबाने आई आली, तिने हेडसेट काढला आणि बघतो तर चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, मानेवर काटा आलेला. बीपी १६२. नेहमीचं त्याचं १०४. युरोबॅगची नळी पुढे वाकताना पट्ट्याखाली मुडपली होती. मी ती मोकळी केली, बॅगेत धार सुरू झाली आणि पाच-सहा मिनिटांत बीपी खाली आलं. मी त्याला मागे कलवला असता तर ते अजून चढलं असतं.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. टी-सिक्स किंवा त्याच्या वर इजा असेल तर खाली कुठेतरी त्रास होतोय, ब्लॅडर भरलाय, पोट तुंबलंय, बूट आवळलाय, नख रुतलंय, हे मेंदूला कळत नाही पण खालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी एकदम चढतं. नेहमीपेक्षा २०-४० ने वर गेलं तरी ते तेच समजायचं. वेळेवर उतरलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, इतकं ते गंभीर आहे.

व्हीआरमध्ये गोंधळ असा होतो की तीन वेगवेगळे त्रास जवळपास सारखे वाटतात आणि ज्या चेहऱ्यावरून फरक कळायचा तो चेहराच हेडसेटखाली झाकलेला असतो. म्हणून माणूस काहीही म्हणाला, कसंतरी होतंय एवढंच म्हणाला, तरी पहिलं काम हेडसेट काढा आणि चेहरा बघा, दुसरं काम बीपी.

चेहरा लाल, इजेच्या वर घाम, डोकं ठणकतंय, बीपी चढलेलं: सरळ ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा, ब्रेस, बूट, कंबरेचं सगळं सैल करा, नळी बघा, ब्लॅडर रिकामा करा, दर दोन-तीन मिनिटांनी बीपी. वरचा आकडा १५० किंवा त्याच्या पुढे असेल आणि कारण सापडत नसेल किंवा बीपी उतरत नसेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा आणि फोनवरच सांगा की मणक्याची इजा आहे आणि डिसरिफ्लेक्सिया झालाय.

चेहरा फिकट, डोळ्यांपुढे अंधारी, बीपी उतरलेलं: इथे बरोबर उलटं, खुर्ची मागे कलवा, पाय वर घ्या.

फिकट, मळमळ, लाळ सुटतेय पण बीपी त्याच्या नेहमीचं: हा व्हीआरचा त्रास, डोळे उघडे ठेवून खिडकीबाहेर लांब बघायला सांगा, पाण्याचे घोट द्या, आज बंद.

पहिल्या दोन्हींत उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून बीपी मशीन हे माझ्या दृष्टीने हेडसेटच्या आधीची खरेदी आहे.

हात कमजोर असतील तर

हॉस्पिटलात भावाच्या बेडशेजारी पेडण्याचा एक मुलगा होता, सी-सिक्स. मनगट वर उचलता येतं पण बोटं मिटत नाहीत. अशा हातात कंट्रोलर राहत नाही आणि हँड ट्रॅकिंगलाही, म्हणजे हेडसेट नुसत्या हाताची हालचाल ओळखतो त्यालाही, चिमूट लागते, ती त्याला होत नाही. त्याच्यासाठी क्रेप बँडेजने कंट्रोलर तळहातावर बांधला, रुंद वेल्क्रो पट्ट्याने अजून चांगलं बसतं. फक्त बांधताना बोटं जबरदस्तीने सरळ ताणू नका, मनगट वर केल्यावर बोटं आपोआप थोडी मिटतात त्या पकडीवर तो पुढे आयुष्यभर ग्लास धरणार आहे, ती सैल झाली तर मोठं नुकसान. आणि जिथे संवेदना नाही तिथे दहा मिनिटांनी बँडेज सोडून त्वचा बघा.

सगळ्यांसाठीच खांदा जपा. व्हीलचेअरवरच्या माणसाचे खांदे म्हणजे त्याचे पायच. डोक्याच्या वर हात नेऊन ठोसे मारायचे किंवा तालावर ठोकळे कापायचे खेळ मजेचे असतात, पण रोज केले तर खांदा धरतो. छातीच्या उंचीपर्यंतचे खेळ निवडा, आणि दुखायला लागलं तर दोन दिवस सुट्टी.

पायांची जळजळ आणि चालणारे पाय

इजेच्या खाली आग होणं, करंट मारणं हे दुखणं फार छळतं. २००७ मध्ये लोरिमर मोझली यांनी ५ पॅराप्लेजिक पेशंटना आरशात त्यांचं वरचं शरीर आणि खाली पडद्यावर चालणारे पाय असं दाखवलं, म्हणजे आपणच चालतोय असं वाटावं, आणि दुखणं काही काळ कमी झालं. आता व्हीआरमध्ये हेच करता येतं. पण हे एकट्याने घरी पहिल्यांदा करू नका. आम्ही फिजिओच्या खोलीत केलं, खाली बघितल्यावर स्वतःचे म्हणून पाय चालताना दिसले आणि भाऊ बोलायचाच थांबला. हेडसेट काढला तर डोळे भरलेले. मग म्हणाला, आग कमी वाटते पण काढल्यावर पाय परत गेल्यासारखे वाटले. त्याला दुपारभर एकटं सोडलं नाही. काहींचं दुखणं वाढतंही, तसं झालं तर तो प्रयोग बंद करायचा, हट्ट नको.

पैसे, वस्तू आणि दमट हवा

लगेच विकत घेऊ नका. फिजिओकडे किंवा ओळखीच्या कोणाचा असेल त्यावर आठ-दहा वेळा करून बघा. घेताना भारतात वॉरंटी चालते का ते दुकानदाराकडून लिहून घ्या. कापडी कव्हर काढून सिलिकॉनचं घाला, आपल्याकडच्या घामात आणि पावसाळ्यात कापडाला वास येतो, बुरशी धरते. डबाबंद भांड्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. उन्हात, खिडकीत कधीच नाही, भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते. बॅटरी दोनेक तास चालते, लाईट गेली तरी सेशन होतं पण पंखा बंद असेल तर करू नका.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तसे कार्यक्रम असतील तिथे पेशंटला घेऊन जा, वस्तूंपेक्षा तिथे भेटणारी व्हीलचेअरवरची माणसं जास्त शिकवतात. आणि मोठं रिहॅब सेंटर एकदा तरी गाठायचं असेल तर वेल्लोरच्या सीएमसीचं आहे, दिल्लीत वसंत कुंजला इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे, मुंबईत हाजी अलीला सरकारी संस्था आहे.

वही

खेळातला स्कोअर वहीत लिहू नका, खेळ सोपा केला की तो वाढतो. आम्ही तीनच गोष्टी लिहितो. हात न टेकता किती सेकंद बसला. भिंतीवर टेप चिकटवलीय, बाजूला बसून हात पुढे किती सेंटिमीटर गेला. आणि बेडवरून खुर्चीवर जाताना कितीदा मदत लागली. महिन्याने बघायचं, रोज नाही. दोन महिने आकडे हलले नाहीत तर खेळ बदला किंवा फिजिओला विचारून व्हीआर थांबवा, तो वेळ मॅटवरच्या व्यायामाला द्या.

भावाने स्वतःचं एक ध्येय सांगितलं होतं, चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट बांधायची. आमच्या घरात ती दरवर्षी तोच बांधायचा. फिजिओने त्यावरूनच खेळ निवडला, दोन्ही हात छातीसमोर आणि मध्ये काहीतरी बारीक काम. सुरुवातीला हात न टेकता बसणं वहीत ४ सेकंद लिहिलंय. गेल्या चवथीला आम्ही माटोळीची चौकट दोन स्टुलांवर खाली ठेवली, पट्टा सैल केला, मी उजवीकडे किंचित मागे उभा. कांगलां, आंबाडे, सुपारीचे घोस त्याने एकेक करून सुंभाने बांधले, दोन्ही हातांनी, मध्ये दोनदा आर्मरेस्ट धरला. तोरिंगाचं फळ जड होतं, ते मी धरलं आणि गाठ त्याने मारली. त्या दिवशीच्या पानावर त्याच्याच अक्षरात आहे: ५१ सेकंद, बीपी १०६, लघवी सकाळी ८ ला.